दोनदा पहिला आला, वहीत नाव एकदाही नाही: याला करिअर म्हणायचं का?

शार्लटकर
अकरा वर्षं झाली नॉर्थ कॅरोलायनात येऊन. इथे नॅस्कार, म्हणजे मोटारींच्या शर्यती, हे क्रिकेट आणि गणपती एकत्र. पहिली काही वर्षं मी नाकं मुरडली. मग एका शेजाऱ्याने शनिवारी रात्री ओढून नेलं आणि लागण झाली ती झालीच.

परवा, २२ ऑगस्ट २०२५ ला, फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकवर जे झालं त्यावरून हा धागा. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. नॅस्कारमध्ये वरची मालिका कप, तिच्या खाली एक्सफिनिटी (हे नाव २०२५ पर्यंतचं), आणि तिसरी ट्रकची, म्हणजे पिकअपची. एक्सफिनिटीत कॉनर झिलिश नावाचा १९ वर्षांचा पोरगा यंदा धुमाकूळ घालतोय. ९ ऑगस्टला वॉटकिन्स ग्लेनची शर्यत जिंकला आणि आनंदाच्या भरात गाडीच्या खिडकीत चढताना खाली पडला. कॉलरबोन मोडलं. पण नियम असा की शर्यत जो सुरू करतो, गुण त्याला. म्हणून डेटोनाला त्याने सुरुवात केली, तेराव्या फेरीला पिवळ्या झेंड्याखाली (अपघात वगैरे झाला की तो निघतो, सगळे हळू होतात) गाडी थांबवली, तो उतरला आणि पार्कर क्लिगरमन बसला. क्लिगरमनने ती गाडी जादा फेऱ्यांपर्यंत ताणून सगळ्यांच्या पुढे रेषेपार नेली. विजय कुणाच्या नावावर? झिलिशच्या.

हे कमी म्हणून की काय, याच क्लिगरमनने याच डेटोनाला फेब्रुवारीत ट्रकची शर्यत जिंकली होती. फोटो काढले, मिठ्या मारल्या, आणि नंतरच्या तपासणीत ट्रकची मागची बाजू नियमापेक्षा खाली भरली. विजय रद्द. नंबर दोनचा कोरी हाइम विजेता. संघाने अपील केलं, तेही फेटाळलं.

म्हणजे एका वर्षात एकाच ट्रॅकवर दोनदा पहिला, आणि वहीत भोपळा. हा माणूस पूर्णवेळ ड्रायव्हर नाही. यंदा बोलावलं की येतो, एरवी टीव्हीवर शर्यतींबद्दल बोलतो. माझा प्रश्न साधा आहे. अशा पार्टटाइम रेसरच्या आयुष्याला करिअर म्हणायचं, की महागडा छंद?

गोट्या७७
सबंध वेळ डावीकडे वळत राहायचं, त्यात कसलं आलंय करिअर. आमच्या चौकात यू-टर्न घेऊन दाखवा म्हणावं.

नीलाक्षी_न
शंभर प्रदक्षिणा स्वतः घालायच्या आणि पुण्य दुसऱ्याच्या खात्यात! आमच्या सासूबाईंना सांगते, वडाला फेऱ्या मारायला आता ड्रायव्हर ठेवू.

सिली_पॉइंट
यात नवल काय? आपल्याकडे रनर असायचा की. पळायचा तो, रन जखमी बॅट्समनच्या नावावर. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०११ ला ती सोय बंद झाली. आणि सब फील्डरचं तर आजही तेच. कॅच घेतला तरी स्कोअरकार्डावर नुसतं 'सब'. २००५ च्या अॅशेसमध्ये ट्रेंट ब्रिजला पाँटिंगला रनआउट करणारा गॅरी प्रॅट आठवा. कसोटी एकही खेळला नाही, पण त्या मालिकेचा विषय निघाला की नाव त्याचं निघतंच.

झिलिश बॅट्समन, क्लिगरमन रनर. फक्त इथे रनरनेच शेवटच्या ओव्हरमध्ये सिक्सर मारला.

गोट्या७७
ठीक, मस्करी बाजूला. माझं मत छंदाच्या बाजूने. हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. ब्रेंडन गॉन बघा. बापाचे लास व्हेगासला कॅसिनो. कॉलेजात जॉर्जटाउनकडून बास्केटबॉल खेळला, अॅलन आयव्हरसनच्या संघात. शेवटची काही वर्षं कपमध्ये वर्षाला चारेक शर्यती, त्याही फक्त डेटोना नि टॅलाडेगा या ट्रॅकांवरच्या. उरलेलं वर्ष घरचा धंदा. याला तुम्ही व्यावसायिक म्हणणार?

अर्धवट_अभियंता
गोट्याभाऊ, उदाहरण बरोबर, निष्कर्ष चुकला. याच गॉनने २०२० च्या डेटोना ५०० मध्ये, म्हणजे कपच्या सर्वांत मानाच्या शर्यतीत, सातवा नंबर काढला. ज्या बीअर्ड संघाकडून तो धावला त्यांची माणसं मोजून. त्याच्या मागे राहिलेल्यांत कोट्यवधी डॉलरचे संघ होते.

डेटोना नि टॅलाडेगाच का, त्याला कारण आहे. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा आणि वळणाला ३१ अंशांचा उतार. एवढ्या उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय कधी उचलावाच लागत नाही, मग वेग हाताबाहेर जातो. म्हणून या दोन ठिकाणी इंजिनात जाणारी हवाच कमी करतात. सगळ्यांचं घोडं सारखंच अशक्त झालं की झुंड तयार होते. पुढची गाडी हवा फोडते, मागची त्या पोकळीत बसते. हायवेवर ट्रकमागे बाइक घातली की अॅक्सिलरेटर हलका लागतो ना, तेच. (घालू नका, मी घातली होती, वडिलांनी अजून माफ केलेलं नाही.) थोडक्यात, इथे पैशापेक्षा डोकं नि नशीब जास्त चालतं. म्हणून लहान संघ वर्षभराची पुंजी या दोन-चार शर्यतींवर लावतात आणि अशा ठिकाणी मुरलेला ड्रायव्हर शोधतात. तो बहुतेकदा पार्टटाइमवालाच असतो.

दुसरं पैशाचं गणित. २०१६ पासून कपमध्ये चार्टर आले. गाड्या जास्तीत जास्त ४०, त्यांतल्या ३६ चार्टरवाल्यांच्या, म्हणजे दर शर्यतीत जागा पक्की. उरल्या चार. त्यासाठी बिगरचार्टरवाले येतात आणि डेटोना ५०० ला तर चाराहून जास्त येतात. तिथे पात्रता हुकली की गाडी ट्रेलरवर चढवून घरी. प्रायोजकाचे पाहुणे आलेले, टोप्या छापलेल्या, आणि तुम्ही स्टँडमध्ये.

आणि जुन्या काळातला एक प्रकार म्हणजे 'स्टार्ट अँड पार्क'. शर्यत सुरू करायची, थोड्या फेऱ्या मारायच्या, 'ब्रेक गेले', 'कंपनं येताहेत' असं काहीतरी सांगून गाडी आत घ्यायची. टायर वाचले, इंजिन वाचलं, शेवटच्या नंबरचं बक्षीस खिशात. मायकेल मॅकडॉवेलने कित्येक वर्षं हेच केलं. लोक हसायचे. २०२१ ला तोच डेटोना ५०० जिंकला. त्याची ती कपमधली ३५८ वी शर्यत होती, आणि पहिलाच विजय.

रिकामा_तास
स्टार्ट अँड पार्क = आमच्या ऑफिसातली हायब्रिड हजेरी. कार्ड स्वाइप, कॉफी, घरी.

शार्लटकर
अभियंता, मस्त समजावलंत. पण क्लिगरमनचं सगळं नशिबावर ढकलता येत नाही. त्याचा प्रवास सांगतो, मग ठरवा.

२००९ साली आर्का या खालच्या पायरीवरच्या मालिकेत ९ शर्यती जिंकल्या तेव्हा वय १९. त्याच वर्षी कॅन्ससला दुसऱ्या पायरीवरच्या मालिकेत पहिल्यांदा उतरला आणि थेट पोल, म्हणजे पात्रतेत पहिला. पेन्स्के या बड्या संघाच्या शाळेतला मुलगा, म्हणजे आता कपचं दार उघडणारच. २०१२ ला टॅलाडेगाला ट्रकमध्ये जिंकला. २०१४ ला कपमध्ये पूर्णवेळ जागा मिळाली. आठ शर्यती झाल्या आणि एप्रिलमध्ये संघच बंद पडला. वय २३, पदरी अनुभव, बुडाखाली गाडी नाही.

मग त्याने हातात माइक घेतला. एनबीसीसाठी पिटमधून वार्तांकन. आणि मधूनमधून ट्रक, हेंडरसन नावाच्या घरगुती संघासाठी. व्हर्जिनियातलं अॅबिंग्डन हे त्यांचं गाव. पूर्णवेळ कामगार म्हणाल तर एका हाताच्या बोटांवर, बाकी दोस्तमंडळी. हा संघ सगळ्या शर्यतींना जातच नाही, परवडेल तिथे जातो. त्यांच्यासाठी त्याने २०१७ ला पुन्हा टॅलाडेगा जिंकलं. ते धरा नशीब. पण २०२२ चं मिड-ओहायो? तो रोड कोर्स आहे, डावी-उजवी वळणं, चढउतार. तिथे झुंडीची पोकळी कामाला येत नाही. तिथे जिंकला ते निव्वळ पाय आणि मनगट.

त्यावरून २०२३ ला एक्सफिनिटीत पूर्णवेळ जागा मिळाली. दोन वर्षं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शार्लटच्या रोव्हलवर (ओव्हल आणि रोड कोर्स जोडून केलेला ट्रॅक) तो पुढे होता, शेवटची फेरी समोर. नियम असा की शेवटच्या फेरीचा पांढरा झेंडा घेतला की त्यापुढचा कुठलाही झेंडा शर्यत संपवतो. पांढऱ्याला अगदी थोडं अंतर उरलं असताना मागे अपघात झाला आणि पिवळा निघाला. पुन्हा सुरुवात, जादा फेऱ्या, आणि जिंकला सॅम मेयर. माझं तिकीट होतं त्या दिवसाचं. आमच्या रांगेतला एक आडदांड गडी टोपी तोंडावर धरून बसला होता, मेयर जिंकून गेला तरी त्याने ती काढली नाही. त्या मोसमानंतर क्लिगरमनने पूर्णवेळ शर्यती सोडल्या.

गोट्या७७
हे वाचून वाईट वाटलं, कबूल. पण 'वाईट वाटलं' हे माझ्या आक्षेपाचं उत्तर नाही.

भिर्रर्र_सातारा
शार्लटकर, आमच्या भागात या. रस्त्यात भेटेल त्या पोराला विचारा, करिअर की छंद.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत छकडीला दोन बैल. बऱ्याचदा एक आपला, एक पैऱ्याचा, म्हणजे दुसऱ्या मालकाचा. हाणणारा ड्रायव्हर तिसराच, त्याला ज्याने बोलावलं त्याची गाडी. आज या गावच्या मैदानात, उद्या त्या. फायनल मारली की पुकारणारा माइकवर आधी बैलाचं नाव घेतो, मग मालकाचं, मग गावाचं. फ्लेक्सवर बैल, मालक, मालकाचा मुलगा, मालकाचे आमदार. ड्रायव्हर कुठे? फोटोत कासऱ्याचं एक टोक दिसतं, ते त्याचं.

पण कोणता बैल कुणाच्या हाताखाली पळतो हे मैदानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढच्या मैदानाला फोन त्यालाच जातो. वहीत नाव नसलं तरी फोनमध्ये असतं. परवाच्या डेटोनाला त्या पोराच्या संघाने फोन कुणाला केला, त्यातच तुमचं उत्तर आहे.

नीलाक्षी_न
'फोटोत कासऱ्याचं एक टोक' 👌

घाटमाथा
सातारकर, आमच्या जुन्नर-खेडकडे वेगळं. घाटात बारी एका वेळी एकाच गाड्याची, सेकंदावर निकाल, आणि गाड्यावर माणूस बसतच नाही. त्यामुळे श्रेयाचं भांडणच नाही, फक्त घड्याळवाल्याशी.

भिर्रर्र_सातारा
म्हणूनच तुमच्याकडे घड्याळवाल्याला जेवण जास्त चांगलं असतं.

घाटमाथा
बैलगाडा शर्यतींवरच्या बंदीच्या काळात कुणालाच नव्हतं. २०१४ ते डिसेंबर २०२१, साडेसात वर्षं. त्या काळात ज्यांनी बैल दावणीला सांभाळले, त्यांचं करिअर म्हणायचं की छंद, हा धागा वेगळा काढा.

संपादक_३
वेगळा काढाच. इथे मूळ विषयावर या. (वैयक्तिक मत: भिर्रर्र.)

ऑफिसातून_चोरून
भारताचा धागाही आहे की या कथेत! नारायण कार्तिकेयन विसरलात? एफ-वन झाल्यावर २०१० ला हा कोइम्बतूरचा माणूस नॅस्कारच्या ट्रकमध्ये गेला. मार्टिन्सव्हिलला पहिली शर्यत, तेरावा आला. वर्षभरात नऊच शर्यती, म्हणजे शुद्ध पार्टटाइम. आणि वर्षाखेरीस ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर कोण? कार्तिकेयन! पंचवीसच्या पंचवीस शर्यती मारणारे बिचारे बघत राहिले. मतदान ऑनलाइन होतं. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात लंच झाला की आम्ही पाच जण ओळीने मत टाकायचो. नॅस्कार म्हणजे काय हे पाचांपैकी एकालाच माहीत होतं, आणि तो मी नव्हे.

सिली_पॉइंट
म्हणजे याच्या नावावर विजय नाही पण पुरस्कार आहे, आणि क्लिगरमनच्या नावावर यंदा विजय नाही पण तो जिंकलाय. धन्य तुमचा खेळ.

अर्धवट_अभियंता
वहीचा विषय निघालाच आहे तर कार्ल लाँगची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा धाग्यातला सर्वांत अस्सल पार्टटाइमवाला.

हा असा माणूस की २००० साली शार्लटच्या कोकाकोला ६०० या कप शर्यतीला स्वतः पात्र ठरला आणि ती जागा डॅरल वॉल्ट्रिप या दिग्गजाला दिली, कारण वॉल्ट्रिपचं ते शेवटचं वर्ष आणि त्याची पात्रता हुकली होती. २००४ ला रॉकिंगहॅमला गाडी कोलांट्या खात गेली, हा चालत बाहेर आला.

खरा घाव २००९ चा. मे महिना, शार्लट, ऑलस्टारच्या (निवडक ड्रायव्हरांच्या खास शर्यतीच्या) आठवड्यातली पात्रता शर्यत. तिचे गुणसुद्धा नसतात. सरावात इंजिन तापलं म्हणून बदललं. काढलेलं इंजिन नॅस्कारने उघडून मोजलं. मर्यादा ३५८ घनइंच, हे भरलं त्याहून जास्त. किती जास्त? एक-पंचमांश घनइंचाहूनही कमी. चहाच्या चमच्यात मावेल एवढं. इंजिन त्याने स्वतः बांधलेलंही नव्हतं, विकत आणलेलं. शिक्षा: दोन लाख डॉलर दंड, २०० गुण वजा आणि बारा शर्यतींची बंदी. बंदी अपिलात आठवर आली, दंड तसाच राहिला. संघप्रमुखाच्या नावावर होता, पण पैसे कुठून येणार? त्याच्या अख्ख्या संघाची तेवढी किंमत नसेल. दंड भरत नाही तोवर कपच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं नाही.

मग त्याने काय केलं? खालच्या मालिकेत धावत राहिला, दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, स्वतःचा संघ उभा केला. २०१७ ला कॅन्ससला कपमध्ये परत आला. आठ वर्षं! गोट्याभाऊ, छंद असता तर माणसाने आठव्या महिन्यात मासेमारी सुरू केली असती.

गोट्या७७
...हा लाँग मला आवडला.

सुलभाकाकू
मी सगळं वाचलं. गाड्यांतलं कळलं नाही, पण एक विचारते. यांची घरं चालतात कशी? जिंकले तरी पैसे संघाचे, हरले तर काहीच नाही. मुलांच्या फिया, दवाखाना?

शार्लटकर
काकू, खरा प्रश्न तुम्हीच विचारलात. वरच्यांचं सांगायचं तर कुणी टीव्हीवर बोलतं, कुणी श्रीमंत हौशी लोकांना ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवतं, कुणी गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये तासन्‌तास बसतं. रॉस चॅस्टेनच्या घरी फ्लोरिडात पिढ्यान्‌पिढ्या कलिंगडांची शेती. वर्षानुवर्षं मिळेल ती खटारा चालवल्यावर २०१९ साठी चांगली गाडी मिळाली होती. डिसेंबर २०१८ ला प्रायोजक कंपनीवर एफबीआयची धाड पडली, त्यांचा सगळा धंदाच फसवणुकीचा निघाला, गाडी गेली. तो परत खटाऱ्यात बसला. पुढे कपमध्ये पोचला, आता जिंकला की गाडीवर चढून कलिंगड आपटतो. त्याला प्रेक्षकांत बसलेले आईबाप किती हसत असतील!

आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरनेच पैसे आणायचे असतात. गाव पालथं घालायचं, एसी दुरुस्तीवाला, ट्रॅक्टरवाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना विचारायचं, बॉनेटवर नाव टाकू का? गणपतीची वर्गणी मागण्यासारखंच, फक्त पावतीपुस्तक इंग्रजीत.

माझा शेजारी त्याहून खालच्या पायरीवरचा. सोमवार ते शुक्रवार मशीनशॉपमध्ये लेथवर. रविवारी कुठल्यातरी लहान संघासाठी टायर बदलायला जातो. स्वतःची एक लेट मॉडेल (स्थानिक शर्यतींची गाडी) आहे, ती शनिवारी रात्री हिकरीला चालवतो. १९५१ पासूनचा ट्रॅक, छोटासा. मिळालेलं बक्षीस टायरलाही पुरत नाही. त्याची बायको म्हणते, घरात नवीन फ्रिज यायला हवा असेल तर आधी याचं इंजिन फुटायला हवं, म्हणजे तो मोसम तिथेच संपतो आणि पैसे वाचतात.

सुलभाकाकू
तिला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे नाटकाचं होतं. तीस वर्षं ह्यांनी हौशी संघात काम केलं, माझा फ्रिजही असाच थांबला होता.

एक_दिवस_राजा
दोन टोकं नोंदवतो. ट्रेव्हर बेन, २०११, डेटोना ५००. वय २० वर्षं आणि एक दिवस, कपमधली दुसरीच शर्यत, वुड ब्रदर्स संघाची निवडक शर्यतींपुरती धावणारी गाडी. जिंकला! आणि गुण शून्य, कारण त्या वर्षापासून ड्रायव्हरने एकाच मालिकेचे गुण निवडायचे होते आणि त्याने खालची निवडली होती. नंतर पूर्णवेळही झाला, पण कपमध्ये पुन्हा जिंकला नाही. पुढे टेनेसीत कॉफीचं दुकान काढलं.

दुसरं टोक मॉर्गन शेफर्ड. २०१४ ला न्यू हॅम्पशायरला कपची शर्यत सुरू केली तेव्हा वय ७२. शर्यतीत पुढच्यांत असलेल्या जोई लोगानोशी टक्कर झाली आणि 'या आजोबांना गाडी कुणी दिली' म्हणून गदारोळ. आजोबा रोलर स्केटिंगही करायचे.

एकाने विशीत शिखर गाठलं, दुसऱ्याने सत्तरीतही खाली उतरायचं नाकारलं. यातलं यशस्वी कोण, सांगता येत नाही मला.

रिकामा_तास
कॉफीवाला. त्याच्याकडे कॉफी आहे.

गोट्या७७
मूळ प्रश्नावर येतो. सातारकरांचं फोनचं म्हणणं पटलं. तरी माझा एक आक्षेप शिल्लक आहे. ज्याला बोलावणं येतं तो व्यावसायिक, मान्य. पण बोलावणं येईल म्हणून जो अख्खं आयुष्य फोनजवळ बसतो आणि फोन येत नाही, त्याला काय म्हणायचं? तुम्ही सगळे जिंकलेल्यांची उदाहरणं देताय.

शार्लटकर
गोट्याभाऊ, चांगलं पकडलंत. माझ्याकडे उत्तर नाही. काल हेच शेजाऱ्याला विचारलं. तो गाडीखाली होता. म्हणाला, "तो पाना दे. नऊ-सोळांशचा." दिला. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं तर म्हणाला, "शनिवारी येतोयस ना? माझा एक पोरगा येणार नाहीये, टायर ढकलायला माणूस कमी आहे."

तर शार्लट-राले भागात कुणी मराठी मंडळी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी सहाला हिकरीच्या पिटच्या गेटपाशी. जुने कपडे घाला, कानात घालायला बोळे आणा. मी कांदेपोहे आणतोय.

नीलाक्षी_न
म्हणजे आता तुम्हीही पार्टटाइम! वहीत नाव येणार का?

शार्लटकर
गेटवर सही करावी लागते म्हणे. काही झालं तर जबाबदार आपणच, असा कागद असतो. तेवढं येईल.